पॅनेलचं लेबल करायला देताय? आधी फॉन्टचं बघून घ्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीचे स्टार्टर बॉक्स, जिनिंगची मोठी पॅनेलं, रावेर-सावद्याकडचे केळीच्या रायपनिंग चेंबरचे कंट्रोलर, कॉलेजच्या पोरांचे पॉवर सप्लाय, असं सगळं लेबलसाठी येतं आणि फॉन्ट कोणता टाकू विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाका ना भो कोणताही, छान दिसला म्हणजे झालं." कॉम्प्युटरवर छान सगळेच दिसतात. लेबल वाचायची वेळ येते ती मशीन ट्रिप झाल्यावर, किंवा रात्रीची लाईट आली म्हणून शेतकरी एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून स्टार्टरसमोर उभा असतो तेव्हा. फॉन्ट त्याच्यासाठी निवडायचा, म्हणून हे पत्रक.

तुम्ही काहीच सांगितलं नाही तर आम्ही इंग्रजी अक्षरांना डिन घेतो आणि मराठीला मुक्ता. दोन्ही साधे, बिनाफुलोऱ्याचे. डिन म्हणजे जर्मनीचं १४५१ नंबरचं स्टँडर्ड, १९३६ चं, तिकडच्या रस्त्यांच्या पाट्या अजून त्यातच असतात. पेंटरने, स्टेन्सिलवाल्याने, खोदकाम करणाऱ्याने, कोणीही काढलं तरी अक्षर सारखंच यावं म्हणून ते चौकटीच्या कागदावर बेतलेलं आहे, त्यामुळे आमच्या मशीनवरही ते बिघडत नाही. मुक्ता मुंबईच्या एक टाईप या लोकांनी केलाय, फुकट आहे, लायसन्सची कटकट नाही, आणि त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं मिळतात.

हेल्व्हेटिका पाहिजे म्हणणारे खूप असतात. १९५७ चा स्वित्झर्लंडचा फॉन्ट, चांगलाच आहे, पण तो विकत घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा फाईल उघडली की आत एरियल निघतो, जो विंडोजसोबत येतोच. एरियलला आमची ना नाही, फक्त त्यात कॅपिटल आय आणि स्मॉल एल दोन्ही नुसत्या उभ्या काड्या, डोळे फोडून बघा फरक सापडत नाही. टर्मिनल नंबर किंवा मॉडेल नंबर असेल तर हीच काडी महागात पडते. डिनमध्ये स्मॉल एलला खाली वळलेली शेपटी आहे, तेवढ्याने काम होतं. शून्य आणि इंग्रजी ओ यांचा घोळ मात्र बहुतेक फॉन्ट पूर्ण मिटवत नाहीत, म्हणून नंबरिंग करताना ओ आणि आय ही अक्षरं वापरूच नका.

जुन्या अमेरिकन टेस्ट इक्विपमेंटवर गोल टोकांची, एकसारख्या जाडीची खोदलेली अक्षरं पाहिली असतील. तो गॉर्टन, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका मशीन कंपनीच्या नावावरून. फिरणारा कटर एकाच रेषेत अक्षर काढतो म्हणून टोकं गोल येतात. ट्रॅफोलाइटवर (खोदकामाचं थरांचं प्लास्टिक) किंवा दोन रंगी शीटवर कटरने खोदून पाहिजे असेल तर अजूनही असा एकरेषी फॉन्टच बरा पडतो, कारण साधा फॉन्ट दिला की कटर प्रत्येक अक्षराची बाहेरची कड फिरतो आणि अक्षर आतून पोकळ दिसतं. लेसरला ही अडचण नाही, तो आतून भरतो.

साईजचं सोपं गणित सांगतो. जेवढ्या लांबून वाचायचं तेवढे मिलीमीटर घ्या आणि २०० ने भागा, अक्षराची उंची मिळाली. हाताच्या अंतरावर, म्हणजे ७०० मिलीमीटरला, साडेतीन मिलीमीटर. दोन मीटरवरून वाचायचं तर दहा. ड्रॉइंगच्या अक्षरांसाठी आयएसओ ३०९८ मध्ये २.५, ३.५, ५, ७, १० अशा ठरलेल्या उंच्या आहेत, त्यातलीच घ्या, आमचं आणि तुमचं बोलणं सोपं होतं. एका पॅनेलवर तीनच साईज ठेवा, पॅनेलचं नाव मोठं, ग्रुपचं नाव मधलं, स्विच-लॅम्पचं लहान. जागा कमी पडली म्हणून एकच लेबल दाबून अरुंद करून पाठवतात ते नका करू, डिनची तयार अरुंद जात आहे ती मागा, तिच्यात अक्षर चेपलेलं वाटत नाही. हे गणित धडधाकट डोळ्याचं आणि चांगल्या उजेडाचं आहे बरं का. चाळिशीचा चष्मा असलेला ऑपरेटर असेल, नाहीतर पॅनेल गोडाऊनच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असेल, तर एक नंबर वर जा.

जाडीचं थोडं वेगळं आहे. सिमेन्स ग्रे म्हणतात त्या आरएएल ७०३२ नंबरच्या रंगाच्या पावडर कोटिंगवर काळी अक्षरं टाकतो तेव्हा रेषेची जाडी उंचीच्या सातव्या भागाच्या आसपास ठेवतो, म्हणजे साडेतीनच्या अक्षराला अर्धा मिलीमीटर. काळ्यावर पांढरं पाहिजे असेल तर रेष थोडी बारीक आणि अक्षरं थोडी सुटी, कारण काळ्यावर पांढरं फुगून दिसतं आणि गोलातली पोकळी भरल्यासारखी वाटते. ग्रेवर लाल अक्षरं सांगू नका, दिवसा खुलतात आणि रात्री काळपट होऊन विरतात. मेच्या भुसावळच्या उन्हात उघड्यावर राहणारं पॅनेल असेल तर स्टिकर विसरा, अ‍ॅनोडाईज्ड अ‍ॅल्युमिनियम घ्या. पॉलिकार्बोनेट ओव्हरले, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ प्लास्टिक पत्रा, घेतला तर छपाई मागच्या बाजूने करतो, बोटाने घासली जात नाही, आणि वरचा भाग मॅटच घ्या, चकचकीत असला की टॉर्चचा उजेड उलटा डोळ्यात येतो आणि खालची अक्षरं गायब.

आता मराठीचं, यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. इंग्रजी ऑनला साडेतीन मिलीमीटर दिले की काम संपलं, पण "सुरू" लिहायचं तर "सु" ला खाली उकार, "दिशा" लिहायचं तर वर वेलांटी, म्हणजे ओळीला वर-खाली जास्तीची जागा सोडावीच लागते. ड्रॉइंगमध्ये ती नसली की आम्हाला अक्षर बारीक करावं लागतं, आणि बारीक केलं की अनुस्वार मरतो. "बंद" मधला टिंब अडीच मिलीमीटरच्या अक्षरात जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा असतो, छपाईच्या स्क्रीनची जाळी थोडी जरी चोंदली की "बद" छापून येतं आणि "पंप" चा "पप" होतो. म्हणून मराठी लेबल चार मिलीमीटरच्या खाली आम्ही घेत नाही, आणि अक्षर मिडियम जाडीचंच, लग्नपत्रिकेचं वळणदार तर अजिबात नाही. आकडे मात्र मराठी लेबलवरही इंग्रजीच ठेवा. मीटरच्या डिस्प्लेवर इंग्रजी आकडे येतात, दोन्हीकडे सारखं दिसू द्या, शिवाय मराठी एक आणि नऊ लहान साईजला जुळे भाऊ वाटतात.

युनिटचं लक्ष देऊन वाचा. सगळं कॅपिटलमध्ये करून पाठवायची सवय आहे बऱ्याच जणांना, भारदस्त दिसतं म्हणून. पण स्मॉल एम म्हणजे मिली आणि कॅपिटल एम म्हणजे मेगा, मधला फरक शंभर कोटी पटीचा. किलोवॅटला के स्मॉल आणि डब्ल्यू कॅपिटल, हर्ट्झला एच कॅपिटल आणि झेड स्मॉल, असंच छापू, तुम्ही कसंही लिहिलं तरी. त्याहून बेकार भानगड ओम आणि मायक्रोच्या चिन्हांची. कॉम्प्युटरमधल्या सिम्बॉल नावाच्या फॉन्टमध्ये डब्ल्यू दाबलं की ओमचं चिन्ह येतं आणि एम दाबलं की मायक्रोचं, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट लागला नाही की चिन्ह जाऊन मूळ अक्षर उरतं. मग दहा किलो-ओमचे दहा किलोवॅट होतात आणि दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिलीफॅरडचा, आणि दिसायला सगळं इतकं बरोबर वाटतं की प्रूफ बघणाऱ्यालाही शंका येत नाही.

लेबल स्विचच्या वर लावा, खाली लावलं की नॉब फिरवताना हाताखाली झाकलं जातं. पॅनेल डोक्याच्या वर असेल तर उलट.

फाईल पाठवताना कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं सिलेक्ट करून कंट्रोल आणि क्यू दाबा, अक्षरांच्या आकृत्या होतात, मग आमच्याकडे तुमचा फॉन्ट असो-नसो काही बिघडत नाही. श्री-लिपी, कृतीदेव वगैरेत टाईप केलेलं तर अशाच आकृत्या करून पाठवा, नाहीतर इकडे उघडल्यावर नुसती इंग्रजी खिचडी दिसते. सोबत तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये साधा टाईप करून टाका, कारण आकृत्या झालेल्या अक्षरात शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही. हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पण चालेल, फक्त स्मॉल-कॅपिटल स्पष्ट काढा.

छापण्याआधी आम्ही खऱ्या मापाचा कागदी प्रूफ देतो, त्याचे पैसे नाहीत. तो ऑफिसात टेबलावर बघून ओके करू नका, पॅनेलच्या दारावर चिकटवा, रोज ते मशीन चालवणाऱ्याला नेहमीच्या जागेवर उभं करा आणि मोठ्याने वाचायला सांगा, जिथे तो अडखळला तिथे पेनने गोल करून फोटो पाठवा. दुरुस्ती करून दुसरा कागद देऊ, आणि तुमचा लेखी ओके आल्यावरच स्क्रीन बनवायला घेऊ.