कमिटची नोंद प्रोग्रामला वाचता यावी म्हणून

आरसीएस हे व्हर्जन कंट्रोलचे, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारे, जुने साधन. त्यात एखाद्या फाइलचा इतिहास मागितला की दोन नोंदींच्या मध्ये २८ डॅशची एक ओळ छापली जायची. वाचणाऱ्याला कळावे, की इथे एक नोंद संपली आणि पुढची सुरू झाली. वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात आरसीएस तयार केले, तेव्हा ही ओळ उद्या कुठला तरी प्रोग्राम वाचेल असा विचार करण्याचे काही कारणच नव्हते. पुढे मात्र सीव्हीएस या नंतरच्या साधनाने आरसीएसच्याच फाइली वापरल्या, लॉगही (बदलांच्या नोंदींची यादी) तसाच छापला आणि शेकडो स्क्रिप्ट त्या २८ डॅशवर विसंबून राहिल्या. कोणी कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशातच डॅशची तशी ओळ टाकली, की स्क्रिप्टला तिथे एका नोंदीच्या दोन नोंदी दिसत.

व्हर्जन कंट्रोलमधली माहिती वेबवर कोणत्या रूपात द्यावी हा प्रश्न आज आपल्याला जेसॉन (माहिती ठरलेल्या रचनेच्या मजकुरात लिहिण्याची पद्धत), एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागण्याची सोय) अशा शब्दांत भेटतो. पण त्याचे मूळ त्या ओळीत आहे. माणसासाठी छापलेला मजकूर आणि प्रोग्रामसाठी दिलेली माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या क्षेत्राला फार उशिरा आणि बरेच चटके बसल्यावर कळले.

त्यातही खेद असा, की सुरुवात चांगली झाली होती. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये सुरू केलेल्या एससीसीएस या व्हर्जन कंट्रोलच्या आणखी जुन्या साधनाच्या आज्ञांमध्ये पुढे ‘पीआरएस’ नावाची एक आज्ञा आली. तिला आपण एक साचा द्यायचा: इथे आवृत्तीचा क्रमांक, इथे तारीख, इथे प्रोग्रामरचे नाव. प्रत्येकाला दोन कोलनमध्ये बसवलेले छोटे नाव होते आणि वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे मागायचीही सोय होती. म्हणजे माहिती एकीकडे आणि मांडणी दुसरीकडे. ही कल्पना आरसीएस आणि सीव्हीएसच्या काळात मागे पडली आणि पुन्हा रुळायला २००५ उजाडावे लागले.

मधल्या काळात वेब आले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बिल फेनर यांनी फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पासाठी सीव्हीएसवेब ही पर्ल स्क्रिप्ट लिहिली. ती सर्व्हरवरच्या सीव्हीएस फाइलींचा लॉग आणि डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) काढून एचटीएमएलमध्ये दाखवायची. ग्रेग स्टाइन यांनी तीच कल्पना पायथनमध्ये नव्याने लिहिली. ती व्ह्यूसीव्हीएस आणि पुढे व्ह्यूव्हीसी या नावाने वर्षानुवर्षे चालली. ज्यांनी कधी लांबच्या एखाद्या मुक्त प्रकल्पाचा कोड आपल्या संगणकावर न उतरवता ब्राउझरमध्ये उघडून पाहिला असेल, त्यांना या पानांचे मोल सांगायला नको.

पण त्या पानांवर एक महत्त्वाची गोष्ट नव्हती. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा ठेवी. ‘या दहा फाइली मिळून एक बदल झाला’ ही नोंद कुठेच नसे. सीव्हीएसपीएससारखी साधने तो बदल अंदाजाने जुळवायची: लेखक तोच, संदेश तोच आणि वेळेतले अंतर ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे एकच बदल. ही मर्यादा एरवी ३०० सेकंद असे. मोझिला या ब्राउझर-प्रकल्पाचे बॉन्साय हे साधन तर चेक-इनच्या (साठ्यात टाकलेल्या बदलांच्या) नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये साठवून ‘गेल्या काही तासांत कोणी काय टाकले’ याचे उत्तर देई. साठ्यात जे नाही ते मांडणीत आणायचे तर कोणाला तरी वेगळी वही लिहावीच लागते. ही अडचण पुढेही सुटलेली नाही.

सबव्हर्जन या नव्या साधनाने दोन पावले पुढे टाकली. २००४मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तेव्हा संपूर्ण बदलाला एकच क्रमांक मिळू लागला आणि लॉग एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुरात, मागता येऊ लागला. अपाची सर्व्हरच्या मॉड्यूलमध्ये तर एक सुंदर सोय होती. फोल्डरची यादी एक्सएमएलमध्ये पाठवायची आणि सोबत एक्सएसएलटीच्या, म्हणजे एक्सएमएलचे पान कसे बनवायचे ते सांगणाऱ्या, स्टाइलशीटचा पत्ता द्यायचा. ब्राउझर त्यातून माणसासाठी पान रंगवी, प्रोग्राम तीच यादी थेट वाची. एकच पत्ता, एकच माहिती, वाचणारे दोन. ही दिशा योग्य होती असे मला आजही वाटते. ती पसरली नाही, कारण एक्सएसएलटी लिहिणे थोड्यांनाच जमले आणि ब्राउझर बनवणाऱ्यांनीही पुढे त्यात फारसा रस दाखवला नाही.

एक्सएमएलने एक कठीण धडाही दिला. एक्सएमएल १.० मध्ये काही नियंत्रण-चिन्हे कोणत्याही प्रकारे लिहिता येत नाहीत, सांकेतिक रूपातसुद्धा नाहीत. कोणाच्या एडिटरने चुकून एस्केपचे चिन्ह संदेशात सोडले, की त्या एका चिन्हापायी सगळा लॉग पार्सरच्या (मजकूर वाचून उलगडणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने अवैध ठरे. हजारो नोंदींतली एक बिघडलेली, आणि हाती काहीच नाही.

२००५च्या एप्रिलमध्ये दोन साधने काही दिवसांच्या अंतराने जन्मली. लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे गिट आणि मॅट मॅकॉल यांचे मर्क्युरियल. दोघांनाही वेबचा चेहरा लगेच मिळाला. काय सीव्हर्स (Kay Sievers) यांचे गिटवेब ही पर्लची स्क्रिप्ट होती आणि ती २००६मध्ये गिटच्याच साठ्यात सामील झाली. मर्क्युरियलचे एचजीवेब मात्र साधनाचाच भाग होते. एका आज्ञेसरशी आपल्याच संगणकावर सर्व्हर उभा राही.

फरक आत होता. गिटवेबमध्ये एचटीएमएल छापणाऱ्या ओळी आणि माहिती काढणाऱ्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या होत्या. आरएसएस (ताज्या बदलांची प्रोग्रामला वाचता येणारी यादी) हवे तर त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागे. एचजीवेबमध्ये कोड फक्त माहिती गोळा करी: चेंजसेटचा, म्हणजे एका पूर्ण बदलाचा, हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख-खूण), लेखक, तारीख, संदेश. ती कशी दिसावी हे टेम्प्लेटच्या फाइलींत लिहिलेले असे. टेम्प्लेटमध्ये फील्डच्या नावापुढे उभी रेघ आणि तिच्यापुढे गाळणीचे नाव: हॅश आखूड कर, संदेशाची पहिलीच ओळ घे, एचटीएमएलसाठी चिन्हे सुरक्षित कर. त्यामुळे एकाच माहितीवर निरनिराळे पेहराव चढवता आले. आरएसएस आणि अॅटम हे त्यांतलेच, आणि प्रोग्रामसाठीचा ‘रॉ’ हा साधा मजकूरही. एससीसीएसमधली जुनी कल्पना इथे पुन्हा भेटते, आणि यावेळी ती वेबवर होती.

तरी लोक एचटीएमएलच ओरबाडत राहिले. समोर दिसते ते उचलावे, ही सवय साहजिक आहे. त्याचे फटकेही तसेच बसले. पानावर ‘३ आठवड्यांपूर्वी’ असे छापलेले असे. पान कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, अडकले की ते वय खोटे ठरे. मर्क्युरियलने पुढे पानात खरी तारीख ठेवून वय मोजण्याचे काम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर सोपवले. बदल लहान, पण त्यामागचे तत्त्व मोठे आहे: सर्व्हरने न बदलणारे सत्य द्यावे, सापेक्ष गोष्ट वाचणाऱ्याने काढावी.

गिटने हाच प्रश्न कमांड लाइनवर सोडवला. २०१०च्या १.७.० आवृत्तीत ‘स्टेटस’ या फाइलींची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेला पोर्सिलेन नावाचा पर्याय मिळाला आणि त्यासोबत वचन मिळाले, की हे आउटपुट आवृत्ती बदलली म्हणून किंवा वापरकर्त्याची सेटिंग वेगळी म्हणून बदलणार नाही. नावाने अनेकांचा गोंधळ होतो, कारण गिटच्या बोलीत पोर्सिलेन म्हणजे माणसांसाठीच्या आज्ञा. इथे त्याचा अर्थ, अशा आज्ञा लिहिणाऱ्या स्क्रिप्टसाठीचे आउटपुट. हे वचन पाळले गेले, आणि म्हणूनच नवी माहिती द्यायला जागा उरली नाही. २०१६मध्ये २.११ आवृत्तीत दुसरे रूप आणावे लागले. त्यात एक शहाणपणाचा नियम घातला: शीर्षकाची जी ओळ ओळखता येत नाही ती वाचणाऱ्याने सोडून द्यावी. भविष्यासाठी जागा राखून ठेवणे म्हणजे हेच.

तोवर जेसॉन सर्वत्र पोचले होते. त्याचे वर्णन करणारा आरएफसी ४६२७ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज २००६चा. ते लिहायला सोपे, ब्राउझरला जवळचे. पण व्हर्जन कंट्रोलशी त्याचे एका ठिकाणी मुळातच जुळत नाही, आणि हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जेसॉनमधली स्ट्रिंग अक्षरांची असते. व्हर्जन कंट्रोलमधला साठा बाइट्सचा असतो. फाइलमधला मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांना बाइट्स नेमण्याच्या पद्धतीत) आहे हे साधनाला ठाऊक नसते आणि ते त्याने ठरवूही नये. फाइलची नावेही युनिक्सवर नुसती बाइट्सच. देवनागरीत नाव दिलेली फाइल गिटमध्ये टाकून पाहणाऱ्याला हे लगेच कळते: ‘क’ ऐवजी \३४०\२४४\२२५ असे काहीतरी समोर येते. यूटीएफ-८ मधले तीन बाइट्स अष्टमान पद्धतीत लिहिलेले. साधन इथे चुकत नाही. हे बाइट्स म्हणजे अक्षरच आहे असे गृहीत धरायला ते तयार नसते, इतकेच.

मग जेसॉनमध्ये हे नाव कसे द्यायचे? न जमणाऱ्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह टाकले, तर दोन वेगळी नावे एकसारखी दिसू शकतात आणि त्या नावाने फाइल परत मागता येत नाही. मर्क्युरियलने विचारपूर्वक वाट काढली. अवैध बाइट्स युनिकोडच्या राखीव सरोगेट भागात बसवायचे आणि परत येताना तिथून मूळ बाइट मिळवायचा. पायथन ३ मध्येही याच धर्तीची सोय आहे. गिटहब या गिटचे साठे ठेवणाऱ्या संकेतस्थळाने फाइलच्या मजकुरासाठी वेगळा मार्ग धरला: त्यांच्या एपीआयमधून मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट्स साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत, गुंडाळून येतो. वाचायला अवघड, आकाराने सुमारे एक-तृतीयांश मोठा, पण एकही बाइट हरवत नाही. मला हे दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक वाटते. जे अक्षर आहे की नाही ठाऊक नाही, त्याला अक्षर म्हणू नये.

एचजीवेबमध्ये जेसॉन २०१५मध्ये आले, आणि तेही आणखी एक टेम्प्लेट म्हणून. जुन्या रचनेचे हे मोठे यश, कारण माहिती गोळा करणाऱ्या कोडला मुळातून धक्का द्यावा लागला नाही. पण अडचणीही तिथूनच आल्या. एचटीएमएलच्या यादीत शेवटी जास्तीचा स्वल्पविराम आला तर कोणाचे बिघडत नाही, जेसॉनमध्ये पूर्ण उत्तर अवैध ठरते. त्यामुळे टेम्प्लेटच्या भाषेत नोंदी विभाजकाने जोडण्याची सोय लागली. शिवाय एचटीएमएलसाठी वर्षानुवर्षे साचलेल्या फील्डमधून कोणती बाहेर द्यायची हे एकेक करून ठरवावे लागले, कारण दिलेले फील्ड परत घेता येत नाही. तारखेचेही तसेच. मर्क्युरियल ती दोन आकड्यांत देते: सेकंद आणि टाइमझोनचा फरक, तोही पश्चिमेकडे धन. म्हणजे गिटमध्ये जे +०२०० ते इथे -७२००. खुलासा न वाचता वापरणाऱ्याची वेळ उलट्या दिशेला सरकते.

त्या जेसॉनमधली एक गोष्ट मला खटकते. चेंजसेटचा हॅश, लेखक, संदेश कधीच बदलत नाहीत. पण त्याच उत्तरात शेजारी बुकमार्क, टॅग (बदलाला दिलेली नावे) आणि फेज (तो जाहीर झाला की नाही) येतात, आणि ते बदलतात. त्यामुळे ‘या हॅशचे उत्तर कायम कॅशमध्ये ठेवा’ असे सांगण्याची मोठी संधी हुकते. चल आणि अचल माहितीचे पत्ते वेगळे असते तर सर्व्हरवरचा भार पुष्कळ हलका झाला असता.

मोझिलाने मर्क्युरियलवर पुशलॉग (पुश म्हणजे बदल सर्व्हरवर ढकलणे) बसवला, तो अशाच एका उणिवेपोटी. कमिटची वेळ लेखकाच्या संगणकावरची. ते सर्व्हरवर कधी पोचले आणि कोणी ढकलले हे साठ्यात नसते. चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेला नेमके तेच हवे. म्हणून पुशची वेगळी नोंद, आणि ती जेसॉनमध्ये. पहिल्या रूपात उत्तराच्या सर्वांत वरच्या पातळीवर पुशचे क्रमांकच होते. शेवटच्या पुशचा क्रमांक सांगायचा म्हटले तर ठेवायला जागाच नाही. दुसऱ्या रूपात सगळे पुश एका नावाखाली आत सरकवले आणि ती जागा मिळाली. जुन्या स्क्रिप्टसाठी पहिले रूपही चालू ठेवावे लागले.

सुरक्षेचा धागा गेरिट या कोड तपासणीच्या साधनाच्या उत्तरांत दिसतो. त्याच्या जेसॉनची सुरुवात )]}' या चार चिन्हांनी होते. परक्या साइटने हे उत्तर स्क्रिप्ट म्हणून आपल्या पानात ओढले तर ब्राउझर पहिल्याच ओळीवर अडखळतो आणि लॉग-इन केलेल्या माणसाची खाजगी माहिती फुटत नाही. खरा क्लायंट ती ओळ काढून पुढचे वाचतो. कमांड लाइनवरून शोध घेतला तर हेच गेरिट प्रत्येक ओळीवर एक स्वतंत्र जेसॉन देते आणि शेवटच्या ओळीत आकडेवारी. लांबलचक इतिहासासाठी हे फार सोयीचे, कारण मध्येच संपर्क तुटला तरी आलेल्या ओळी वैध राहतात, आणि शेवटची ओळ नसली की उत्तर अपुरे आहे हेही कळते.

२०१७च्या फेब्रुवारीत एसएचए-१ या गिटच्या हॅश-पद्धतीत एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली प्रत्यक्ष बनवून दाखवल्या गेल्या. गिटने २०२०मध्ये २.२९ आवृत्तीत एसएचए-२५६ चे साठे प्रायोगिक पातळीवर सुरू केले. त्यातला हॅश ४० ऐवजी ६४ अक्षरांचा. ज्यांनी आपल्या डेटाबेसमध्ये, पत्त्यांच्या नियमांत, क्लायंटच्या तपासणीत ४० हा आकडा कोरून ठेवला, त्यांना ती प्रत्येक जागा शोधून दुरुस्त करावी लागते. ४० अक्षरे हे वचन गिटच्या जेसॉनमध्ये कधी नव्हतेच, कारण गिटच्या लॉगला आजही स्वतःचे जेसॉन नाही. लोक साच्यात अवतरणचिन्हे घालून ते हाताने जुळवतात, आणि कोणाच्या तरी संदेशात एक अवतरणचिन्ह आले की ते मोडते, त्या २८ डॅशच्या ओळीसारखेच.