प्रोड्युसर आणि कंपोझर: इलेक्ट्रॉनिक म्युझिकमधला नेहमीचा घोळ

एक्स्परिमेंटल इलेक्ट्रॉनिक म्युझिक करणाऱ्यांच्या नावापुढे बहुतेक वेळा ‘प्रोड्युसर-कंपोझर’ असं जोडूनच लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकच असं वाटतं, पण तसं नाहीये. कंपोझर चाल बांधतो, कुठला सूर कुठे, लय काय, कुठला भाग परत येणार वगैरे. ती चाल शेवटी कानावर कशी पडेल ते प्रोड्युसर बघतो, म्हणजे आवाज कुठले, रेकॉर्डिंग कसं, मिक्समध्ये काय पुढे काय मागे. साध्या गाण्यात हे वेगळं काढता येतं, एक्स्परिमेंटलमध्ये मात्र आवाज हीच अर्धी रचना असते आणि तिथेच भांडणं सुरू होतात.

बीबीसीत इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या डिलिया डर्बीशायरचंच बघा ना. 1963 मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेची थीम कंपोझर रॉन ग्रेनरने लिहिली, पण लिहिली म्हणजे कागदावर सूर आणि थोड्या सूचना, बाकी सगळं डिलियाने रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे बीबीसीच्या आवाजांचे प्रयोग करणाऱ्या स्टुडिओत, डिक मिल्सला मदतीला घेऊन केलं, आणि तेव्हा तिथे सिंथेसायझर नव्हता, त्यामुळे छेडलेली तार, ऑसिलेटरचे (विजेवर एकसुरी आवाज काढणारं यंत्र) आवाज हे सगळं टेपवर घ्यायचं, टेपचा स्पीड बदलून सूर जुळवायचा, मग तुकडे कापून हाताने चिकटवायचे. एकेक सूर असा! ऐकल्यावर ग्रेनरलाच प्रश्न पडला की हे मी लिहिलंय का. त्याला रॉयल्टीतला अर्धा वाटा तिला द्यायचा होता, बीबीसीने होऊ दिलं नाही. स्क्रीनवर तिचं नाव आलं थेट 2013 मध्ये, आणि ती गेली होती 2001 मध्येच. माझ्या मते ती सहकंपोझर होती, सरळ.

उलटं उदाहरण वेंडी कार्लोसचं. 1968 च्या तिच्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ अल्बममध्ये सूर बाख या जुन्या जर्मन कंपोझरचे, तिथे वादच नाही. पण तेव्हाच्या मूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच सूर वाजायचा, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी रेकॉर्ड करून थर रचले, त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले ते काय नुसती बटणं दाबली म्हणून नाही.

ब्रायन ईनो दोन्हीकडे. 1978 चा एअरपोर्टवाला अँबियंट (वातावरणासारखं मागे चालू राहणारं संगीत) अल्बम मुख्यतः त्याची स्वतःची रचना, आणि यू2 या रॉक बँडसाठी डॅनियल लॅन्वासोबत तो प्रोड्युसर, गाणी बहुतेक बँडची.

आता लॅपटॉपवर एकटाच माणूस सगळं करतो, तेव्हा फरक कोणी विचारत नाही. प्रश्न येतो दुसऱ्याबरोबर काम केलं की, कारण हक्क दोन वेगळे असतात, रचनेचा वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. उद्या कोणी तीच रचना नव्याने वाजवली तर पैसे कंपोझरकडे जातात, जुन्या रेकॉर्डिंगच्या प्रोड्युसरला त्यातलं सहसा काही मिळत नाही, त्याचं जे काय ते त्या रेकॉर्डिंगच्या करारात. म्हणून बीट आणि टेक्स्चर तुमचं आणि मेलडी दुसऱ्याची असेल तर ट्रॅक रिलीज व्हायच्या आधीच स्प्लिट शीट, म्हणजे कोणाचा किती वाटा ते लिहिलेला कागद, भरा, त्यात रचनेतले टक्के लिहा, सह्या घ्या, मित्र असला तरी.