हँडब्रेक कधी कुरकुरतो?

जुन्या गाडीचा हँडब्रेक वाजू लागला की आपण आवाजाचं वर्णन करायला लागतो: कर्रर्र होतं, कुईं होतं, घासल्यासारखं येतं. वर्णन उपयोगी असतंच, पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आवाज नेमका कधी येतो? ओढताना, ओढून ठेवल्यावर, की सोडून गाडी निघाल्यावर? याचं उत्तर नीट देता आलं, तर निम्मं निदान चाक उचलण्याआधीच होतं.

रचना साधी आहे. तरफ ओढली की दातेरी पट्टीवरून खटका सरकतो. तो टक-टक आवाज व्हायलाच हवा. तरफ केबल ओढते, केबलच्या शाखा मागच्या दोन चाकांकडे जातात आणि तिथे बिडाच्या ड्रममधले दोन अर्धवर्तुळाकार शू फाकून ड्रमला आतून दाबून धरतात. शूंवर घर्षणासाठी लायनिंग असतं. तरफ सोडली की स्प्रिंगा शूंना मागे खेचतात. मागे डिस्क असलेल्या अनेक गाड्यांतही डिस्कच्या मधल्या भागात असाच एक छोटा ड्रम खास हँडब्रेकसाठी दडलेला असतो.

आता आवाज का होतो? टेकून स्थिर असलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्याहून कमी जोर तिला सरकत ठेवायला लागतो. म्हणजे स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा जास्त. त्यामुळे शू आधी ड्रमला धरून राहतो, ताण साठतो, मग तो एकदम सुटतो, थोडा सरकतो आणि पुन्हा धरतो. हे धरणं-सुटणं एका सेकंदात शेकडो वेळा झालं की ड्रम कंप पावतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. सारंगीचा गज तार याच पद्धतीने वाजवतो. कुलोम या फ्रेंच अभियंत्याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात घर्षणाचा बारकाईने अभ्यास मांडला. दोन पृष्ठभाग जास्त वेळ टेकून राहिले की त्यांची एकमेकांवरची पकड वाढू शकते, हेही त्याने पाहिलं होतं. हँडब्रेकच्या बाबतीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पायाचा ब्रेक वापराने झिजतो, हँडब्रेक मात्र बहुधा उभं राहून बिघडतो. तासन्‌तास दाबलेला शू, त्यात ओलावा, आणि बिडावर पटकन धरणारा गंज.

म्हणून दमट रात्रीनंतर पहिल्यांदा गाडी हलवताना ‘टण्‌’ असा आवाज आला आणि पुढे सगळं शांत झालं, तर घाबरू नये. गंजाने चिकटलेला शू सुटला, एवढंच. पातळ थर पहिल्या काही ब्रेकांत घासून जातो. चढावर हँडब्रेक ओढून पाय उचलल्यावर गाडी किंचित सरकून कण्हल्यासारखा आवाज आला, तर शू आपापल्या टेकूंवर बसत असतात. पण हा आवाज रोज आणि मोठ्याने येत असेल, तर शू ज्या पाठपत्र्यावर सरकतात त्याच्या टेकण्याच्या जागा कोरड्या पडल्या असण्याची दाट शक्यता असते.

ओढतानाच करकर होत असेल तर संशय केबलवर घ्यावा. तिच्या वेष्टणाला चीर पडली की पाणी शिरतं, आतल्या पोलादी तारा गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने केबल नळीतच आवळली जाते. अशी केबल ओढली जाते, पण सोडल्यावर मागे येत नाही.

मग सुरू होतो तिसरा आवाज, गाडी चालू असतानाचा. इथे ताल मोजावा. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी २० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण तीन फेरे घेतं. घस्‌-घस्‌-घस्‌ त्याच तालात येत असेल आणि वेगाबरोबर ताल बदलत असेल, तर काहीतरी चाकाबरोबर फिरतंय आणि घासतंय. थोडं अंतर चालवून थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्यावा. ड्रमला लावू नये, भाजेल. एक बाजू ठळकपणे जास्त तापली असेल, तर तिथला शू सुटलेला नाही.

खात्री करायची तर सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावून मागचा भाग जॅकने उचलावा आणि स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नये. हँडब्रेक सोडून, आणि मागची चाकं इंजिनवर चालत असतील तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने फिरवावं. जड फिरत असेल तर केबल चाकाकडच्या टोकाला सोडवावी. चाक लगेच मोकळं झालं तर दोष केबलचा किंवा ती जास्त ताणल्याचा. तसंच जड राहिलं तर दोष ड्रमच्या आत.

इथे अनेक जण एक चूक करतात, आणि ती मला फार खटकते. तरफ जास्त वर येऊ लागली की थेट केबल ताणून टाकतात. आधी शू आणि ड्रममधलं अंतर जुळवायचं, केबल शेवटी. ताणलेल्या केबलमुळे शू पूर्ण मागे जात नाहीत, बऱ्याच ड्रममधली आपोआप जुळवणारी यंत्रणा नीट चालत नाही, आणि घासण्याचा नवा आवाज सुरू होतो.

ड्रम उघडलाच तर आतली धूळ फुंकू नये, हवेच्या झोतानेही उडवू नये. फार जुन्या गाड्यांच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. धूळ ओली करून पुसावी. उष्णता सोसणारं ग्रीस पाठपत्र्याच्या टेकण्याच्या जागांवर अगदी थोडं लावावं, लायनिंगला त्याचा स्पर्शही होऊ नये. लायनिंग शूपासून सुटलंय का, तेही बोटांनी हलवून पाहावं. चिकटवलेलं लायनिंग गंजामुळे निघून ड्रममध्ये खडखडत राहतं आणि कधी चाकच अडकवतं. तसं दिसलं तर दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावेत.

जोडणी झाल्यावर अगदी मंद, मोकळ्या उतारावर पायाचा ब्रेक दाबून थांबावं, हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि पाय हळूच उचलावा. गाडी आवाज न करता आपणहून सरकू लागली पाहिजे.