लॅपटॉपची बॅटरी हेल्थ

लॅपटॉपची बॅटरी नवी असताना जेवढी वीज साठवत होती, त्यातली आज किती साठवते, याचे टक्क्यांतले प्रमाण म्हणजे तिची बॅटरी हेल्थ. पडद्याच्या कोपऱ्यातला चार्जिंगचा टक्का वेगळा. घागर किती भरली आहे एवढेच तो सांगतो. मुळात घागर केवढी उरली आहे, ते हेल्थ सांगते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दुकानात 'बॅटरी उतरली', 'बॅकअप देत नाही' एवढ्यावरच बोलणे होते. तेवढ्यावर खर्च ठरवू नये. आकडा यंत्रातच असतो आणि तो पाहायला पैसा लागत नाही.

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ही जात १९९१ मध्ये बाजारात आली. वापरताना आणि नुसती पडून असतानाही तिच्या आत इलेक्ट्रोडवर, म्हणजे वीज आत-बाहेर करणाऱ्या पट्टीवर, एक थर वाढत जातो आणि त्यात कामाचे लिथियम अडकून बसते. उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली स्थिती या दोन गोष्टी ही झीज वाढवतात. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात पावसाळ्यात झाड तारांवर पडले की लाईट जाते, त्यामुळे 'असू दे भरलेली' म्हणून चार्जर दिवसरात्र लावून ठेवायची सवय समजण्यासारखी आहे. पण लाईटचा भरवसा असेल त्या दिवसांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय वापरावी. लेनोवो, आसूस, डेल यांच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असते. अधूनमधून बॅटरी पार शून्यावर आणण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियमला त्याने फायदा होत नाही, उलट ताण पडतो.

विंडोजवर तपासणी अशी करतात. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडायची. तिच्यात रोमन लिपीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरपी रेघ आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट' असे टाइप करून एंटर दाबायचे. रिपोर्ट कुठे साठवला तो पत्ता तिथेच उमटतो. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. वरच्या भागात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे मिलिवॉट-तासांत असतात. पहिला ४५,००० आणि दुसरा ३१,५०० असेल, तर दुसऱ्याला पहिल्याने भागून हेल्थ ७० टक्के निघते. नव्या बॅटरीत दुसरा आकडा कधी पहिल्यापेक्षा किंचित मोठाही असतो. त्यात बिघाड नाही. खाली 'सायकल काउंट' असतो. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वीज वापरली जाणे: आज ६० आणि उद्या ४० टक्के वापरली तरी ती एकच. काही यंत्रांत ही जागा कोरी राहते.

मॅकवर सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात हेल्थ थेट दिसते. अलीकडच्या मॅकबुकसाठी १००० सायकलची मर्यादा धरलेली आहे. लिनक्सवर 'यूपॉवर' ही कमांड हीच माहिती देते.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग जुना लॅपटॉप घेताना होतो. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये बेळगावात आले. टिळकवाडी आणि उद्यमबागेतही कॉलेजे आहेत. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या अनेक पोरांचा पहिला लॅपटॉप सेकंडहँडच असतो आणि त्यामागे घरच्यांनी साठवलेले पैसे असतात. विकणाऱ्याने विंडोज नव्याने टाकलेले असले, तर रिपोर्टमधला मागच्या आठवड्यांचा इतिहास कोरा दिसतो. तरी वरचे दोन आकडे बॅटरीतल्या चिपकडून येतात, विंडोज बदलल्याने ते पुसले जात नाहीत. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवरच रिपोर्ट काढायला सांगावा. 'काका, एकदा रिपोर्ट दाखवा की' म्हणण्यात संकोच कसला? पुढे चार्जर काढून पंधरा-वीस मिनिटे व्हिडिओ चालू ठेवावा. ४० टक्क्यांवरून यंत्र एकदम बंद पडले, तर रिपोर्टमधला आकडा कितीही चांगला असला तरी विश्वास ठेवू नये. बॅटरीतला एखादा सेल कमजोर असेल किंवा चिपचा अंदाज चुकला असेल. अंदाज चुकल्याची शंका असेल, तर एकदा पूर्ण भरून, दहा टक्क्यांच्या आत उतरवून, पुन्हा सलग भरून रिपोर्ट काढतात; बॅटरी पार उतरवू नये, याला हा एवढाच अपवाद.

आकड्यांपलीकडची एक तपासणी हातानेच होते. लॅपटॉप मिटून सपाट टेबलावर ठेवावा आणि चारही कोपरे एकेक करून बोटाने दाबावेत. तो डुगडुगत असेल, टचपॅड वर उचललेला किंवा दाबायला कडक वाटत असेल, झाकणाच्या कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. आत वायू साठलेला असतो. तिथे टक्के पाहत बसू नये. हेल्थ ९० दाखवत असली तरी चार्जर काढून यंत्र बंद करावे आणि जाणकाराकडूनच बॅटरी काढून घ्यावी. ती टोचू, दाबू किंवा उन्हात ठेवू नये, पेट घेते. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारून घ्यावे.