शाईपेनाचा नाद (कोकण किनारपट्टी)

शाईपेनाचा नाद म्हणजे फौंटन पेन आवडणं, रोज त्यानेच लिहिणं, बिघडलं तर स्वतः खोलून बसणं आणि एकाची दहा कधी झाली ते घरच्यांनी सांगेपर्यंत न कळणं. बोलताना शाईचं पेन, शाईपेन, फौंटन पेन काहीही म्हणतात, शुद्ध मराठीवाल्यांचा 'झरणी' हा शब्द पण आहे आणि शब्द गोड आहे, पण "जरा तुझी झरणी दे रे" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग ह्या पट्ट्यात हा नाद दुकानापेक्षा माळ्यावरच्या ट्रंकेतून जास्त लागतो, आणि पुढे टिकतो की सुटतो ते बरंचसं इथल्या ओल्या हवेच्या हातात असतं. म्हणून ह्या नोंदीत किमतींपेक्षा ट्रंक, पाऊस आणि शाईच जास्त आहे.

पेन घरात आलं कुठून

जुन्या घरांत आधी बोरू होता, मग दौत-टाक आला. मोडी कागद बघितले तर अक्षर आधी ठसठशीत, मग फिकं, मग परत ठसठशीत असं जाताना दिसतं, कारण बोरू मध्येमध्ये दौतीत बुडवायलाच लागायचा. फौंटन पेनाने ही बुडवाबुडवी संपवली.

इकडे पेन आणलं ते मुख्यतः चाकरमान्यांनी. मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत नोकरी आणि गावाला महिन्याची मनिऑर्डर, जी पोस्टाने १८८० साली सुरू केली होती. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटंसं कुपन असायचं, त्यावर मावेल तेवढा मजकूर, म्हणजे पैसे पाठवलेत, कौलं परतून घ्या, शिमग्याला येतो, संपलं. अशी कुपनं घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली सापडतात आणि त्यावरची शाई बघून माणूस त्या पेनाचा शोध घ्यायला लागतो, असं होतं खरं. गावात खिशाला पेन लावणारे मोजकेच, मास्तर, तलाठी, पोस्टमास्तर. पोरगं मॅट्रिक झालं की मामाने पेन द्यायचं, आणि ते पेन मग वापरण्यापेक्षा फडताळात ठेवण्यातच आयुष्य घालवायचं.

दुसरा रस्ता बोटींचा. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे बाहेरचं पेन म्हणजे कोणीतरी बोटीवरून आणलेलं, नंतर आखातातून आणलेलं. त्यात सगळ्यात मान पार्कर ५१ ला. कंपनी १८८८ ची, तिच्या ५१ व्या वर्षी म्हणजे १९३९ ला हे पेन तयार झालं म्हणून नाव ५१, बाजारात आलं १९४१ ला. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, फक्त टोक बाहेर. तशाच दिसणाऱ्या चिनी हीरो पेनांनी नंतर सगळी दप्तरं भरली. त्यामुळे माळ्यावर मिळालेलं 'आजोबांचं पार्कर' पुसून बघितल्यावर बऱ्याचदा हीरो निघतं. वाईट वाटून घेऊ नये, लिहितं छान.

नाद लागतो कधी

पेन विकत घेताना नाद लागतो असं लोकांना वाटतं. माझं मत, तो धुताना लागतो. ट्रंकेतलं पेन उघडायला जाता टोपण घट्ट बसलेलं, आट्यांत शाई सुकून दगड झालेली, म्हणून ते वाटीत साध्या पाण्यात टाकून ठेवायचं (गरम पाणी नको, एबोनाइटचं म्हणजे कडक रबराचं पेन असेल तर रंग जातो). सकाळी बघितलं तर निबेच्या चिरेतून निळा धागा निघून वाटीभर पसरलेला असतो. माझ्याकडचं पहिलं पेन असंच, तीन रात्री रोज पाणी बदललं तरी निळं येतच होतं, आणि ज्या माणसाने ती शाई भरली होती तो जाऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली होती. चौथ्या दिवशी त्याच पेनाने वाण्याची यादी लिहिली. अक्षर माझंच, पण बरं दिसत होतं!

मग माणूस भिंग घेऊन निब वाचायला लागतो. ५८५ असा आकडा असेल तर ती १४ कॅरेट सोन्याची, म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं. सोनं मिरवायला घातलेलं नाही, जुन्या निळ्या-काळ्या शाया आम्लधर्मी असायच्या आणि साध्या पोलादाची निब खाऊन टाकायच्या, सोन्याला काही होत नाही म्हणून सोनं. टोकाला मात्र सोनं चालत नाही, ते मऊ, कागदावर घासून झिजेल, म्हणून तिथे इरिडियम, ऑस्मियम, रुथेनियम असल्या अतिकठीण धातूंच्या मिश्रणाचा बारीक मणी डाखलेला असतो. अशी निब सोनाराला वितळवायला देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो, जेमतेम अर्धा-एक ग्रॅम वजन असतं, हाती काही लागत नाही आणि पेन मरतं.

पेन चालतं कसं हे इथे सांगून टाकतो. निबेखाली जो खाचा असलेला काळा तुकडा असतो त्याला आपल्याकडे जीभ म्हणतात. तिच्या बारीक खाचांतून शाई केशाकर्षणाने पुढे येते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढीच हवा आत जाते, दोन्ही एकाच वाटेने. ही देवाणघेवाण नीट जमवणारी जीभ न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनने १८८४ ला पेटंट केली आणि तिथून पेन भरवशाचं झालं. हवा आत जाण्याची गती बिघडली की पेन एकतर कोरडं पडतं नाहीतर ओकतं.

अक्षराचंही आहे. शाळेत बॉलपेनला बंदी असायची, अक्षर बिघडतं म्हणून, आणि सुलेखनाला कट निब वापरायची. देवनागरीची कट निब रोमनच्या उलट तिरपी असते, कारण आपल्या अक्षरात जाड फटका डावीकडे खाली उतरतो. परदेशी पेनवाले 'स्टब' म्हणजे रुंद, सपाट टोकाच्या निबेचं कौतुक करतात, इंग्रजी त्याने झोकात येतं, मराठी लिहून बघा, क आणि ळ दोन्ही ओशाळतात. जपानी बारीक निब त्यापेक्षा बरी, जपानची 'फाइन' युरोपच्या 'फाइन'पेक्षा बारीक असते, वेलांट्या, रफार, अनुस्वार गिचमिड न होता येतात.

हवा, घाट आणि पाऊस

रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ह्या दिवसांत पापड सादळतात तसे कागदही सादळतात, आणि सादळलेल्या कागदावर शाई फुटते, अक्षराला मिशा येतात, मागच्या पानावर उमटतं. ओलं अक्षर लवकर वाळत नाही, टिपकागद पुन्हा काढायला लागतो. उलट बाजूने, देशावर एप्रिलमध्ये टोपण दोन मिनिटं उघडं राहिलं की निब सुकते, इथे तसं फारसं होत नाही, पेन उघडं ठेवून दारावरच्या माणसाशी गप्पा मारून या, पहिल्या फटक्यात लिहितं. हा कोकणाचा फायदा कोणी सांगत नाही.

बाकी त्रासच. खाऱ्या वाऱ्याने क्लिपा आणि कड्या गंजतात, मुलामा उडतो. रबरी पिशवीची जुनी पेनं असतात त्यांची पिशवी आधी चिकट आणि मग डांबरासारखी होते. शाईच्या बाटलीत बुरशी धरते, वर पांढरट साय किंवा तळाशी धागे दिसले की बाटली सरळ फेकायची, गाळून वापरायची नाही, ती बुरशी जिभेत गेली की घर करून राहते. जुन्या शायांना जो औषधी वास यायचा तो बुरशी मारायला घातलेल्या फिनॉलचा. नादिक लोक आगोटीला जसं मीठ, मसाला, सुकी मासळी भरतात तशीच पेनांची पण आगोट करतात, मे अखेरीला दोन-तीन पेनं वापरात ठेवून बाकीची धुऊन, वाळवून, कापडात गुंडाळून ठेवायची. डांबराच्या गोळ्या शेजारी टाकू नयेत, काही प्लॅस्टिकं त्याने मऊ पडतात. सेल्युलॉइडची पेनं हवाबंद डब्यात घालू नयेत, त्यांना वारा लागतो.

घाटाचा किस्सा वेगळाच. रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालात की आंबा घाटात सहा-सातशे मीटर वर चढता, हवेचा दाब सात-आठ टक्के कमी होतो, पेनातली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. अर्धं भरलेलं पेन खिशात आडवं असेल तर घाटमाथ्यावर चहाला उतरताना सदऱ्यावर निळा नकाशा. लोक पेनाला शिव्या घालतात, पेनाची चूक नसते. पूर्ण भरलं तर आत हवाच थोडी राहते, नाहीतर रिकामं न्यावं, आणि काही झालं तरी निब वर. हाताच्या उबेने पण हेच होतं, विशेषतः ड्रॉपरने भरायच्या पेनांत, शाई पाव भागावर आली की टपकन थेंब. एबोनाइटच्या पेनात हे कमी, कारण एबोनाइटमधून उष्णता हळू जाते.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. हातात चोळलं की गंधकाचा वास येतो, उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलेल्याला तो लगेच ओळखू येईल. ऊन आणि दमट हवा दोन्हींनी काळं एबोनाइट हळूहळू शेवाळी-तपकिरी होतं, म्हणजे कोकणात ते होणारच. काहीजण घासून परत काळं करतात. मला शेवाळीच आवडतं, पावसाळ्यातल्या चिऱ्याच्या गडग्यासारखं. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत पण पेनं मात्र लांब राजमहेंद्रीला होतात, १९३२ पासून. तिथल्या रत्नम पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली आभाराचं पत्र लिहिलं होतं, कारण त्यांना सगळं देशी असलेलं पेन हवं होतं. एबोनाइटची पेनं चेन्नई, हैदराबादकडेही हाताने लेथवर फिरवून बनवतात.

शाई

शाईबद्दल खरं तर वेगळी नोंद हवी. जुनी काळी शाई काजळाची, काजळ म्हणजे मुख्यतः कार्बन, ती उडत नाही, म्हणून मोडी कागद वाळवी लागून भोकं पडली तरी अक्षर काळंच. दुसरी हिरड्याची. सह्याद्रीत हिरडा मुबलक, त्यातलं टॅनिन आणि हिराकस म्हणजे लोहाचं मीठ एकत्र केलं की काळी शाई होते. गंमत अशी की लिहिताना ती फिकी असते, हवेतला ऑक्सिजन लागून मग काळी पडते. लिहिताना दिसायला तर हवी, म्हणून त्यात निळा रंग घालायचे, आणि हेच 'ब्लू-ब्लॅक'चं मूळ. पाण्यात भिजलं तर निळा रंग निघून जातो, लोखंडाचं काळं कागदात राहतं, म्हणून सरकारी दप्तरांना तीच शाई लागायची.

रॉयल ब्लूचं तसं नाही, ती नुसती पाण्यात विरघळलेली रंगशाई. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं तेव्हा कागदांचं काय झालं हे तिथल्या माणसांना विचारा, १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात सुद्धा पाणी गेलं होतं. पुराच्या पाण्यात अशा साध्या निळ्या शाईचं पत्र सापडलं तर हाती फक्त आकाशी कागद येतो. म्हणून दस्त, मृत्युपत्र, घरातला कुळाचा वृत्तांत असलं काही लिहायचं तर ब्लू-ब्लॅक, बाकी रोजचं कशानेही. काजळाची किंवा ड्रॉइंगची शाई मात्र फौंटन पेनात भरू नका, जीभ कायमची बसते.

बाजारात आठवणीतली नावं कॅमल, ब्रिल, चेलपार्क, बंगालची सुलेखा. कॅमलवाल्या दांडेकरांचा धंदा १९३१ ला गिरगावात सुरू झाला, आधी शाईची पूड विकायचे, म्हणजे चाकरमान्याच्या ट्रंकेतली शाई बरेचदा त्याच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर झालेली.

जमवणं

जमवणारे इथे दोन तऱ्हेचे. एक वापरणारे, दुसरे डबीत ठेवणारे. डबीतलं नवंकोरं पेन न भरता ठेवणं म्हणजे हापूस शोकेसमध्ये ठेवण्यासारखं आहे, पण ज्याचे पैसे त्याचं मत. सुरुवात करणाऱ्याने आधी घरचा माळा, मग शेजाऱ्याचा, मग बाजारपेठेतलं सगळ्यात जुनं स्टेशनरीचं दुकान बघावं. दुकानदाराच्या मागच्या फळीवर मुंबईत बनलेली एअरमेल, वॉलिटीची पेनं धूळ खात पडलेली मिळू शकतात आणि तो जुन्याच किमतीला देतो, किंवा नाद ओळखून दुप्पट सांगतो. पेन रिपेअर करणारे म्हातारे आता जवळपास संपले. ते अंगठ्याच्या नखावर निब दाबून दोन्ही पाय समान आहेत का बघायचे, खरखरणारी निब चहाच्या कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर आठाचा आकडा काढत घासायचे. घरी करून बघायचं तर स्वस्त पेनावर करा, मी एक चांगली निब अशीच घासून घालवलीय.

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढतात, तिच्यापुढे पुस्तकं आणि पेनं ठेवतात. पेन आधी रिकामं करून टोपण लावून ठेवायचं आणि हळद-कुंकू क्लिपेला लावायचं. आमच्या घरात कौतुकाने निबेवरच वाहिलं होतं, ते चिरेत बसलं, आणि पुढचे दोन आठवडे ते पेन कुठल्याही निळ्या शाईने जांभळट लिहित होतं.