डाळिंबाचे दाणे नक्की किती? पर्सेफनीच्या दोन कथा

ग्रीक पुराणकथेत शेतीची देवी डिमीटर हिची मुलगी पर्सेफनी हिला पाताळाचा राजा हेडीस पळवून नेतो. तिने तिथे डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले, म्हणून तिला वर्षातले सहा महिने तिथे राहावे लागते आणि तेवढा काळ वर हिवाळा असतो, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ही दोन जुन्या काव्यांची सरमिसळ आहे आणि सहा दाणे त्यांपैकी एकातही नाहीत.

पहिले काव्य ग्रीक आहे: इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातले, होमरच्या नावावर खपलेले डिमीटरचे स्तोत्र. दुसरे लॅटिन आहे: रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस'चा पाचवा भाग, इ.स. 8 च्या आसपासचा. त्यात डिमीटरची सीरीझ होते आणि पर्सेफनीची प्रोसर्पिना.

स्तोत्रात दाणा एकच. हेडीसने तो गुपचूप पुढे केला आणि बळजबरीने खायला लावला, असे पर्सेफनी आईला सांगते. पाताळातला मुक्काम ठरतो वर्षाचा एक तृतीयांश. ओव्हिडकडे दाणे सात, आणि बागेत फिरताना झाडाचे डाळिंब तिने स्वतःच तोडलेले. पाताळातला ॲस्कॅलॅफस ते पाहतो, चहाडी करतो आणि तिच्या हातून घुबड होऊन बसतो. देवांचा राजा ज्युपिटर (ग्रीकांचा झ्यूस) वर्षाचे दोन सारखे भाग करतो. सहा महिने आले ते इथून.

मला मात्र दाण्यांपेक्षा दुष्काळ महत्त्वाचा वाटतो. स्तोत्रातल्या डिमीटरला मुलगी कोणी नेली आणि झ्यूसने ती कशी देऊन टाकली, हे सूर्याकडून आधीच कळलेले असते. म्हणजे ती सगळे जाणून एल्युसिस गावातल्या आपल्या देवळात बसते आणि बी रुजूच देत नाही. माणसे उपाशी मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार? झ्यूस एकामागून एक देव समजूत काढायला पाठवतो. ती हलत नाही, शेवटी त्यालाच माघार घ्यावी लागते. ओव्हिडची सीरीझ नांगर मोडते, शेते नासवते, पण मुलगी कुठे आहे याचा पत्ता नसताना, संतापाच्या भरात. तेही सर्वांत जास्त सिसिलीवर, कारण माग तिथेच लागलेला असतो. पत्ता कळल्यावर ती ज्युपिटरकडे जाते ती विनवणी करायला. डिमीटरच्या हातातला डाव तिच्याकडे नाही, म्हणून मला ग्रीक कथाच जास्त बळकट वाटते.

आणि ऋतूंचे म्हणाल, तर मुलगी खाली गेली की दरवर्षी पीक थांबते, असे दोन्हींत कुठेच सरळ लिहिलेले नाही. स्तोत्र एवढेच म्हणते की वसंताची फुले उमलली की ती वर येईल. बाकीचा हिवाळा वाचणाऱ्यांनी त्यावरून ताडला.