मासळी विकली जाते जुलैत

जुलैचा शेवटचा आठवडा. होड्या अजून किनाऱ्यावर शाकारलेल्या, पावसाची एखादी सर येतेय-जातेय, आणि नाखवा, म्हणजे होडीचा मालक, मासळीच्या दलालाच्या पेढीवर बसलाय. बोलणं फार होत नाही. "शेट, यंदा इंजिन दुरुस्तीला उतरवलंय, उचल जरा वाढवून लागेल." शेट वही उघडतो, मागची बाकी वाचून दाखवतो, खाली नवा आकडा लिहितो. कागद नाही, स्टँप नाही, व्याजाचा उच्चारही नाही. अट एकच: हंगामभर जी मासळी येईल ती याच पेढीवर घालायची. समुद्रात जाळं पडायच्या आधीच मासळी विकली गेलेली असते.

बाहेरच्या माणसाला ही सरळसरळ लूट वाटते. 'कोळी अडाणी, पैसा टिकत नाही त्याच्या हातात' हे तर शहरातलं आवडतं निदान. मला ते पटत नाही. नाखव्याला आपला तोटा पैशापर्यंत ठाऊक असतो. तरी तो दरवर्षी त्याच पायऱ्या चढतो. का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

बर्फ येण्याआधी ताजी मासळी फार लांब जाऊच शकत नव्हती. जवळच्या बाजारात खपेल तेवढी ताजी, बाकीची सुकवायची नाहीतर खारवायची. बोंबील वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या काठ्यांच्या मांडवावर, जवळा खळ्यावर, आणि उन्हाळ्यात सुकटाच्या बदल्यात घाटावरचं धान्य. या व्यवहारात पैसा कमी आणि दलालही कमी, कारण विक्री कोळणीच्या हातात होती. नवऱ्याने किनाऱ्याला लावलेली पाटी तिने डोक्यावर घ्यायची, भाव तिने करायचा, रोकड तिच्या कनवटीला. घरची बँकच ती. व्यापारी लागे तो मुख्यतः मिठासाठी. इंग्रजी अमलात मिठावर कर असल्याने खारवणं स्वस्त नव्हतं.

होडीचाही खर्च आजच्यासारखा नव्हता. शिडाला वारा फुकट. सण-अंबाडीचं सूत घरी वळून जाळी विणली जात. लाकूड महाग खरं, पण एकदा बांधलेली होडी बरीच वर्षं चाले.

हे गणित मोडलं ते टप्प्याटप्प्याने. मुंबईचा ससून डॉक 1875 साली बांधला गेला तो मुळात कापसाच्या व्यापारासाठी. पुढे तो मासळीचा धक्का झाला. बर्फ आणि वाहनं आली तशी मासळी गावाबाहेर घाऊक जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांतून यांत्रिक बोटींसाठी कर्जं मिळाली, नायलॉनचं जाळं आलं. मासळी वाढली, यात वाद नाही. पण जाळं आता दुकानातून आणायचं, वाऱ्याऐवजी डिझेल, आणि इंजिन एक सिलिंडरवरून दोन, दोनवरून सहा. बोट समुद्रात लोटण्याआधीच खिशातून जाणारी रक्कम दर पिढीला वाढत गेली.

त्यात कोळंबीची भर. 1953 च्या सुमारास कोचीहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जाऊ लागली, 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तशी निर्यात आणखी फायद्याची झाली, आणि मुंबई-कोकणच्या धक्क्यांवर 'कंपनी'ची माणसं दिसू लागली. निर्यातदाराला माल नक्की हवा, म्हणून तो पुरवठादाराला आगाऊ देतो, पुरवठादार दलालाला, दलाल नाखव्याला. नाखवा तीच उचल खलाशाला देतो, कारण रत्नागिरीच्या बोटीवर नेपाळहून येणारा खलाशीही हातात काही पडल्याशिवाय घर सोडत नाही. साखळीत प्रत्येक जण वरच्याचा देणेकरी आणि खालच्याचा सावकार. आणि कोळीण? घाऊक लिलावात तिचा भाव करण्याचा हक्कच सरकला. आता ती त्याच धक्क्यावर दलालाकडून पाटी विकत घेते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान हेच, आणि त्याची नोंद सर्वांत कमी होते.

ही पद्धत कोकणाची खासियत नाही. बंगालात तिला 'दादन' म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ 'देणं'. ईस्ट इंडिया कंपनी अठराव्या शतकात विणकरांकडून कापड घ्यायची ती दादनी व्यापाऱ्यांमार्फत, आगाऊ रक्कम देऊन. आज तोच शब्द हिलशाच्या जाळ्यांवर चालतो.

मग बँक का नाही? बँक तारण मागते. अनेक कोळीवाड्यांचं सीमांकन झालेलं नाही, पिढ्यानपिढ्या राहत्या घराचा मालकीचा धड कागद निघत नाही. तारण ठेवायचं काय? शिवाय हप्त्याला तारीख असते, माशाला नसते. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही वादळं पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात बोटी बंदरात अडकल्या. पुढच्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळ. असल्या वर्षी बँकेची नोटीस येते. दलाल कुरकुरतो, पण वहीत बाकी पुढे ओढतो, वर डिझेलला आणखी देतो. घरात आजारपण निघालं तर रात्री अकरालाही देतो. आणि काही तासांत नासणारा माल रोज उचलला जाईल याची हमी देतो. बुडीत वर्षाचा हा विमाच आहे. त्याचा हप्ता दलालीत, वजनात, आणि खुल्या बोलीपेक्षा कमी भावात जातो, म्हणून व्याज म्हणून कुठे दिसत नाही. बाकी फिटेपर्यंत दुसऱ्याकडे जाता येत नाही. जायचंच असेल तर नवा दलाल जुन्याची बाकी भरतो. नाखव्याच्या वाट्याला फक्त वेगळी वही.

यावर उतारा शोधला गेला नाही असं नाही. देशातली पहिली मच्छीमार सहकारी संस्था 1913 साली आपल्याच रत्नागिरीजवळ, कर्ल्याला निघाली. पालघरजवळच्या सातपाटीत संस्थांनी बर्फ, डिझेल आणि विक्री हातात घेतली. पापलेटचा हंगामाचा दर 'सुपर', 'एक नंबर', 'दोन नंबर' अशा आकारांप्रमाणे व्यापाऱ्यांशी एकत्र बसून ठरवायची रीत तिथलीच. म्हणजे करार तिथेही आहेच, फक्त टेबलाच्या अलीकडे एकटा नाखवा नसतो. सगळीकडे हे जमलं नाही. कुठे यांत्रिक बोटींची कर्जं थकली, कुठे डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा अडकला, आणि संस्थेच्या दारातून माणूस पुन्हा पेढीवर गेला.

किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळू लागलं. विनातारण कर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. छोट्या होडीला दोन लाख उपयोगी पडतील. मोठ्या ट्रॉलरच्या एका फेरीला मात्र हजार लिटरवर डिझेल लागतं. त्यावर बर्फ, शिधा आणि खलाशांची उचल आलीच. 1 ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, आणि जुलैच्या त्या शेवटच्या आठवड्यात कार्डाचा अर्ज बँकेत कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला जायचं, की पेढीवर, हे नाखव्याला ठरवायचं असतं.